कारल्याचा रस, काविळीचं पाणी आणि डब्यातल्या गोळ्या

प्रश्न: काकू, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. लग्नाला दीड वर्ष झालं, सध्या पाचवा महिना सुरू आहे. सासूबाईंना दोन वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीपासून त्यांनी गोळ्या सोडल्या. रोज सकाळी कारलं आणि दुधीचा रस, त्यात जांभळाच्या बियांची पूड घालून पितात. गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात. मागच्या पावसाळ्यात दिराला कावीळ झाली होती, ती शेजारच्या गावातल्या एका बाबांकडून उतरवून आणली आणि तो खरंच बरा झाला. तेव्हापासून कुणी काही बोललं की हेच उदाहरण पुढे येतं. मला खोकला झाला तर अडुळशाचा काढा घे म्हणतात. रक्त साडेआठ आहे, तर बीट खा, दवाखान्यातल्या लाल गोळ्यांनी बाळ काळं होतं म्हणतात. पपईला तर हातही लावू देत नाहीत. हळदीचं महत्त्व अमेरिकेनंही मान्य केलं असा एक व्हिडिओ त्यांनी मला पाठवला आहे. मी बारावी सायन्स केलं आहे, पण मलाही आता कळेनासं झालं आहे की यातलं खरं किती आणि खोटं किती. आणि त्यांना न दुखवता सांगू कसं? ता. क. मृग बहाराची संत्री आली आहेत. सर्दीत संत्रं खाल्लं तर छाती भरते का?

उत्तर: तुझ्या पत्रातल्या सगळ्याच गोष्टी सारख्या निकडीच्या नाहीत. म्हणून आधी दोन कामं सांगते, ती याच आठवड्यात उरक. सासूबाईंची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून घे. जमलं तर एचबीएवनसी पण कर, म्हणजे मागच्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली ते एकाच आकड्यात कळेल. दुसरं काम तुझं स्वतःचं. ती लाल गोळी आजपासून घ्यायला लाग. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

खरं-खोटं निवडायला बसलं की आपण वनस्पतींची यादी करतो. हळद खरी, कांदा खोटा, अडुळसा खरा, असं. मी तुला आजारांची यादी करायला सांगेन. काही आजार आपले आपण येतात आणि आपले आपण जातात. सर्दी त्यातली, साधा खोकला त्यातला, बहुतेक कावीळही त्यातलीच. अशा आजारात शेवटी जे दिलं त्याच्या नावावर यश जमा होतं, मग तो काढा असो, अंगारा असो की दवाखान्यातलं इंजेक्शन. हो, इंजेक्शनसुद्धा. सर्दीला सुई टोचून मोकळे होणारे डॉक्टर आणि कावीळ उतरवणारे बाबा या बाबतीत एकाच वाटेनं पैसे कमावतात. दुसरे आजार जातच नाहीत, फक्त ताब्यात राहतात. शुगर, बीपी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) त्यातले. आणि तिसरे दोन दिवसांत माणसाला उलटवतात, जसा डेंगू किंवा ऊन लागणं. घरचा उपाय पहिल्या गटात बहुधा निरुपद्रवी असतो. दुसऱ्या-तिसऱ्या गटात त्याची किंमत वेळेनं मोजावी लागते.

आता दिराची कावीळ घे, कारण तुमच्या घरातला सगळा विश्वास त्या एका प्रसंगावर उभा आहे.

परातीत पाणी असतं, पाण्यात चुन्याची निवळी. बाबा आधी रोग्याच्या तळहातांना कसला तरी रस चोळतात, काहीतरी पुटपुटतात आणि मग हात परातीत धुवायला लावतात. बोटांच्या फटींतून पिवळा रंग सुटायला लागतो, बघता बघता परात पिवळी होते आणि सोबत आलेली माणसं तोंडात बोट घालतात. आंब्याची अंतरसाल ठेच, तिचा रस तुझ्या नवऱ्याच्या धडधाकट हातांना चोळायला दे आणि खायच्या चुन्याच्या निवळीत त्याला हात धुवायला सांग. पाणी पिवळंच होईल. (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.) अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते कित्येक वर्षांपासून गावोगाव हा प्रयोग दाखवतात. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत छातीपर्यंत येते, त्यातही तसंच आहे. माळ हिरव्या काड्यांच्या तुकड्यांची असते, तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवलेले असतात. काड्या वाळून बारीक होतात, फास सैल पडतात आणि माळ लांबते. ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली तरी लांबेल.

मग दीर बरा कसा झाला? पावसाळ्यात गावात पसरणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. घाण पाण्यातून येते आणि तरण्याताठ्या माणसात साधारण चार ते सहा आठवड्यांत आपसूक ओसरते. यकृत स्वतःला दुरुस्त करून घेतं. बाबांकडे जा, उसाचा रस प्या किंवा नुसतं पडून राहा, बहुतेकांचं तेवढ्याच दिवसांत बरं होतं. उसाच्या रसाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. ज्या घाण पाण्यामुळे कावीळ झाली, त्याच पाण्याचा बर्फ टाकून तो गाड्यावर मिळतो. काही ठिकाणी कडू दोडक्याचा रस नाकात सोडतात आणि नाकातून पिवळं पाणी वाहिलं की कावीळ निघाली म्हणतात. ते पाणी पित्ताचं नसतं, भाजून निघालेल्या नाकाच्या आतल्या त्वचेचं असतं. हे कुणालाही करू देऊ नकोस.

आणि एक चमत्कारिक पथ्य. कावीळ झाली की ताटातून हळद काढतात, का तर ती पिवळी. डोळे पिवळे होतात ते रक्तात साठलेल्या बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या द्रव्यामुळे, भाजीतल्या चिमूटभर हळदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. जे सोसेल ते साधं जेवण द्यावं. दारू पूर्ण बंद. कुठलीही गोळी, अगदी तापाचीसुद्धा, विचारल्याशिवाय नको.

हे सगळं दिराचं झालं. तुझ्या बाबतीत मात्र कावीळ पहिल्या गटात मोडत नाही. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेततं. तुझी प्रसूती पावसाळ्याच्या तोंडावर येईल. पाणी उकळून पी आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठ. बाबांकडे नेण्याची गोष्ट निघाली तर तिथे मात्र सून म्हणून गप्प बसू नकोस.

आता सासूबाईंचा रस. कारल्यात साखर उतरवणारी काही द्रव्यं आहेत, ही गोष्ट खोटी नाही. माणसांवर ज्या चाचण्या झाल्या त्या लहान होत्या, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि गोळीची जागा घेईल असं त्यातून काही निघालेलं नाही. जांभळाच्या बियांचा आधार त्याहून पातळ. मेथीदाण्यांची बाजू थोडी बरी आहे. त्यातला चिकट तंतू पोटात अन्नातली साखर हळू शोषू देतो, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही त्यावर काम झालं आहे. भिजवलेले चमचाभर मेथीदाणे त्यांनी खुशाल खावेत, कारल्याची भाजीही खावी. पण गोळ्यांसोबत. आणि गोळ्या पुन्हा सुरू करताना डॉक्टरांना या रसाबद्दल सांगा. पाकिटावर ग्लिमेपिराइड असं नाव असेल तर त्या गोळीनं साखर जास्तच खाली जाऊ शकते. त्यात कडू रस पिऊन न्याहारी टाळली, तर वावरात घाम फुटून, हातपाय थरथरून माणूस खाली बसतो.

त्याच पाकिटावर बहुधा मेटफॉर्मिनही लिहिलेलं असेल. सासूबाईंना त्या गोळीची गोष्ट सांग, त्यांना आवडेल. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे, आपल्या तुरी-हरभऱ्याच्याच कुळातलं. तिथे ते जुन्या काळापासून झाडपाल्याच्या औषधांत वापरलं जायचं. त्यात साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते तसंच घेतलं तर विषारी होतं. मग त्याच जातकुळीचं सौम्य रसायन तयार झालं आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन काय झालं ते प्रसिद्ध केलं. म्हणजे ज्या गोळीला त्या रसायन म्हणून नाकं मुरडतात, तिचं माहेर झाडपाल्याचंच आहे. फरक इतकाच की या गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते माहीत असतं. परसातल्या दोन कारल्यांत सारखाच गुण उतरेल याची हमी कोण देणार?

किडनीचं म्हणशील तर ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं आणि बीपीनं खराब होते. किडनी गेलेला माणूस गोळ्या घेताना दिसतो, म्हणून दोष गोळीवर येतो. किडनी आधीच फार बिघडली असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात किंवा बंद करतात, त्यासाठीच वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासायचं. शुगर दुखत नाही, हीच खरी पंचाईत. सासूबाई म्हणतील, मला काही होत नाही. त्यांचे तळपाय पाहा, काटा रुतलेला कळतो का ते विचार. अनवाणी वावरात जाणाऱ्या बाईला ते विचारणं फार गरजेचं आहे.

दुधीबद्दल मात्र आजच बोल. कारलं कडू असतं ते त्याच्या जातीनं, दुधी कडू निघाला तर तो विषारी आहे असं समजायचं. त्यात कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं वाढलेली असतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं समिती नेमून सल्ला दिला: रस काढण्याआधी दुधीची एक चकती चाखा, कडू लागली तर फेकून द्या. तुमच्या घरी हा रस कारल्यात मिसळतात, म्हणजे दुधी कडू निघाला तरी कळायला मार्गच नाही. दुधीची भाजी करा. रस बंद.

तुझ्या स्वतःच्या गोष्टींकडे येते. अडुळसा हे खरं औषध आहे. दवाखान्यात कफ सुटायला ब्रोमहेक्झिन देतात, ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच घडवलं गेलं. पण त्याच व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून सासूबाई बरोबर आहेत आणि तरीही तू तो काढा घ्यायचा नाहीस. बाळंतपण होईपर्यंत मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि चमचाभर मध, एवढं पुरे. हा मध तुझ्यासाठी हं. बाळाला वर्षभर मध चाटवायचा नाही. त्यातून बाळाच्या आतड्यात विषारी जंतू वाढू शकतात, ते मोठ्या माणसाला काही करत नाहीत. गुटीचा सहाणेवर घासलेला वेखंड-जायफळही नको. जायफळानं बाळ शांत झोपतं ते गुंगीनं. सहा महिने फक्त आईचं दूध.

पपईत सासूबाई अर्ध्या बरोबर. कच्च्या पपईचा चीक टाळायचा, पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही.

रक्ताचं जरा नीट ऐक. बीटाचा लाल रंग हा त्याचा स्वतःचा रंग आहे, त्याचा रक्ताशी संबंध नाही. किलोभर बीट खाल्लं तरी लोह दहा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं, शिवाय फॉलिक अ‍ॅसिड. साडेआठला बहुधा दिवसाला दोन गोळ्या सांगतात, तुझ्या नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारून घे. गोळीनं शौचाला काळं होतं, बाळ काळं होत नाही. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळीही त्या वेळेला नको. आणि इथे स्वयंपाकघराचा एक खरा उपाय आहे, जो कुणी उपाय म्हणून सांगत नाही: वरणावर, मेथीच्या भाजीवर, हिरव्यागार सांभारावर (कोथिंबिरीवर) लिंबू पिळ. भाजीतलं लोह आतड्यांत शोषलं जायला त्यातलं सी जीवनसत्त्व मदत करतं. आवळ्याची फोडही चालेल.

सिकलसेलची तपासणी झाली आहे का? नसेल तर तुझी आणि नवऱ्याची दोघांची करून घे. आपल्या विदर्भात, आदिवासी आणि इतर काही समाजांत, हा आजार बराच आहे. २०२३ पासून त्याची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. त्यात रक्त कमी असतं ते लोहाच्या तुटवड्यामुळे नसतं, म्हणून ना बीटानं भरून निघतं, ना गूळ-शेंगदाण्यानं. लोह द्यायचं की नाही तेही मग तपासून ठरवतात. चाचणी साधी आहे, रक्ताच्या थेंबावर होते.

हळदीचा व्हिडिओ मीही पाहिला आहे. त्यात सांगतात ती घटना घडलेली आहे, अर्थ मात्र भलताच काढला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, त्यांनी त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. का? तर ही गोष्ट भारतात आधीपासून माहीत होती, ती नवी नव्हती. हळदीनं जखम किती भरते हा प्रश्न त्या भांडणात नव्हताच. जुनं असणं सिद्ध झालं, गुणकारी असणं वेगळं सिद्ध करावं लागतं. वर्धा जिल्ह्यातली आपली वायगावची हळद घे, तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तिच्यात करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य पिवळं द्रव्य, चांगलं असतं. पण साध्या हळदीत करक्युमिन शेकड्याला तीनच्या आसपास, आणि पोटातून रक्तात जातं ते अगदी नावाला. हळदीचं दूध प्यावं, बरं वाटतं. करक्युमिनच्या कॅप्सुली मात्र विकत आणू नका. मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या अशा कॅप्सुलींनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. गुळवेलीचंही असंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काढा घेऊन यकृत बिघडलेल्या रुग्णांची नोंद केली, आयुष मंत्रालयानं ती अमान्य केली, वाद अजून मिटलेला नाही. गरोदरपणात तू त्या वादात पडू नकोस.

उन्हाळा तोंडावर आहे म्हणून एवढं सांगते. खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही. कैरीचं पन्हं मात्र खरं, कारण त्यात पाणी, मीठ आणि साखर असते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी कॉलऱ्याचे हजारो रोगी याच तीन गोष्टींच्या जोरावर वाचवले. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. (सासूबाईंना पन्हं बेतानं.) माणूस उन्हातून येऊन बरळायला लागला, तर तोंडात काही ओतू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि गाडी काढा.

आता बोलायचं कसं. काढा-रस खोटा आहे अशी सुरुवात केलीस तर त्यांना वाटेल, सून आली आणि पन्नास वर्षांचं शहाणपण मोडीत काढायला निघाली. त्यांच्या हाती असलेलं जे खरं आहे, ते त्यांच्याकडून मागून घे. पन्हं त्यांनी करावं, गुळण्यांचं पाणी त्यांनी द्यावं, मेथीदाणे त्यांनीच भिजवावेत. भांडण फक्त गोळ्यांपुरतं ठेव आणि तेही तू करू नकोस, आकड्याला करू दे. एक वही घाल. पहिल्या पानावर आजची साखर. गोळ्या सुरू झाल्यावर दर आठवड्याला एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर. दोन महिन्यांनी वही त्यांच्यासमोर ठेव. आणि उलटा सौदा करू नकोस, म्हणजे महिनाभर रसच पिऊन बघू, असा. तो प्रयोग दिवाळीपासून चालूच आहे, त्याचा निकाल या आठवड्याच्या तपासणीत कळेल. नवऱ्यालाही यात ओढ. आईला गोळी दे म्हणणं हे एकट्या सुनेचं काम का असावं?

राहिलं संत्रं. सर्दीत संत्र्यानं छाती भरत नाही आणि सर्दी पळतही नाही. सी जीवनसत्त्वाची गोळी रोज घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर बरी होते, एवढंच चाचण्यांत दिसलं. पण संत्र्याचा मान मोठा आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्हीच्या बारा खलाशांना दोन-दोन करून सहा वेगवेगळे उपाय दिले. ज्यांना संत्री आणि लिंबं मिळाली, तेच आठवड्याभरात उठून कामाला लागले. उपाय खरा की खोटा ते अशा शेजारी-शेजारी ठेवलेल्या माणसांवरून ठरतं. तेव्हा खुशाल खा. जेवणानंतर एक संत्रं आणि त्यासोबत लाल गोळी, ही वेळ तुला सोयीची पडेल. सासूबाईंना रस काढून देऊ नकोस, रसात साखर एकदम जाते. सोलून चार-पाच फोडी दे, चोथ्यासकट.